न्यायाधीश श्वाबी बोलतो

विलायतेहून परतलेल्या माणसाने आधी तेथील हिरवळीचे, मग शिस्तीचे आणि शेवटी पाणचट चहाचे वर्णन करावे, असा एक अलिखित नियम आमच्या अमरावतीत रूढ आहे. अलिखित नियम मी कधीच मानलेले नाहीत. हिरवळ आहे, शिस्त बरी आहे आणि विमानातील चहाविषयी संबंधित कंपनीला मी पत्र लिहिले आहे. तेव्हा थेट मुख्य प्रकरणाकडे वळतो. ते प्रकरण एका बकरीचे आहे.

मिल्टन कीन्स : दारावरची पाटी

आमची कन्या मृणाल मिल्टन कीन्स येथे संगणकाच्या नोकरीत आहे. जावई कामानिमित्त बहुतेक आठवडा बेसिंगस्टोकला असतात, म्हणून आम्हा उभयतांना तिने उन्हाळ्यात बोलावून घेतले. हे गाव कोणीतरी आधी कागदावर आखले आणि मग जमिनीवर उतरवले. त्यामुळे येथील प्रत्येक गोल चौक हा मागच्या चौकाची साक्षांकित प्रत वाटतो. चालणाऱ्यांसाठी तांबड्या वाटा वेगळ्या काढलेल्या आहेत. पहिल्याच सकाळी मी त्यातील एका वाटेने फिरायला निघालो आणि सारखीच झाडी, सारखेच पूल पाहत तासभर भलत्याच दिशेला चालत राहिलो. वाट विचारावी तर सारे गाव मोटारीत. अखेर कुत्रे फिरवणाऱ्या एका बाईंनी मला माझ्याच मुलीच्या घराच्या मागच्या बाजूला आणून सोडले. पाटी कोठेही नव्हती, याची मी नोंद घेतली.

पाटी होती ती आमच्या दारावर. मृणाल कामावर गेलेली. दाराच्या मुठीला सुतळीने एक लाकडी फळी टांगलेली, तीवर परकीय भाषेत दोन ओळी, खाली एक झाडू रंगवलेला. सही नाही, तारीख नाही, अधिकाराचा उल्लेख नाही. दारावर अशी वस्तू आढळली की आमच्याकडे तिचा एकच अर्थ होतो, तो म्हणजे जप्ती. चौकशीअंती शेजारच्या जर्मन बाईंनी ती लावल्याचे समोरच्या घरातून कळले. दोन्ही घरांच्या मधून एक सामाईक बोळ जातो. त्या बोळावर बाई हक्क सांगत आहेत, हे मी तत्काळ ताडले.

"अवो, आधी पोरीले फोन तं करा," आमच्या सौभाग्यवती सुमती म्हणाल्या. त्या अंजनगावच्या, आणि लग्नानंतर इतकी वर्षे माझे प्रमाण मराठी ऐकूनही त्यांनी आपल्या वऱ्हाडीत काडीचा बदल केलेला नाही.

"कायद्याला फोन लागत नाही," मी म्हणालो, आणि दुपारपर्यंत इंग्रजीत एक रीतसर नोटीस लिहून शेजारच्या टपालफटीतून आत सोडली. सामाईक वहिवाट, अनधिकृत फलक, सात दिवसांची मुदत, सर्व काही तीत होते.

संध्याकाळी मृणाल आली आणि सोफ्यावर बसलीच.

"बाबा, नेबरला नोटीस? सीरियसली? ती पाटी झाडण्याच्या टर्नची आहे. एक आठवडा त्रुदाबाई बोळ झाडतात, एक आठवडा मी. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा टर्न. त्यांच्या गावाकडची पद्धत आहे."

जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्वाबेन नावाचा मुलूख आहे. तेथे जिने आणि घरासमोरची वाट पाळीपाळीने झाडण्याची ही रीत इतकी पक्की आहे की तिला स्वतंत्र नाव आहे, केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा. केर म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही.

एवढ्यात दारावरची घंटा वाजली. उंच, पांढऱ्या केसांच्या, मातीचे हातमोजे घातलेल्या एक बाई माझी नोटीस हातात धरून उभ्या होत्या. मी माफीच्या वाक्याची जुळवाजुळव करू लागलो.

"हे कोणी लिहिले?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

"मी."

"सगळे?"

"सगळे. मसुद्यासह."

बाईंनी मला पायांपासून टाळूपर्यंत न्याहाळले. "मी वर्षभर या माणसाला शोधते आहे," त्या मृणालला म्हणाल्या. "उद्या दुपारी जेवायला या. तिघेही."

शेजारचे घर : मसूर आणि न्यायाधीश

त्रुदाबाईंचे यजमान इंग्रज होते, ते आता नाहीत. बाई मात्र येथेच राहिल्या आणि आपली बोली त्यांनी एका विलक्षण मार्गाने जिवंत ठेवली. त्या चित्रकथांचे भाषांतर करतात, आणि तेही प्रमाण जर्मनमध्ये नव्हे, श्वाबी बोलीत. जर्मनीत ही एक सुखी प्रथा आहे. फ्रेंचमधली एखादी चित्रकथा गाजली की तिच्या निरनिराळ्या बोलींतल्या आवृत्त्या निघतात. चित्रे तीच, फुग्यांतले बोलणे मात्र त्या त्या मुलखाचे. लोक प्रमाण आवृत्ती वाचलेली असूनही आपल्या बोलीतली विकत घेतात आणि जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचतात. हे ऐकून मला प्रथम आनंद झाला आणि लगोलग राग आला. आपल्याकडे असे का नाही, याबद्दल कोणाला पत्र लिहावे, हे ठरेना.

जेवायला मसुराची दाट आमटी आणि तिच्यात पिठाचे छोटे, ओबडधोबड तुकडे उकडून सोडलेले. त्या तुकड्यांना श्पेत्स्ले म्हणतात. सुमतीने एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"अवो, हे तं वरणफळं आहेत."

होतेच. फरक इतकाच की त्रुदाबाई वरून व्हिनेगर शिंपडतात आणि आम्ही चिंच घालतो. रिवाजाप्रमाणे सोबत असणारे सॉसेज त्यांनी आमच्यासाठी वगळले होते. सुमतीने पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. त्रुदाबाईंनी तो व्हिनेगराऐवजी सढळ हाताने घेतला, तांबड्यालाल झाल्या, पाणी पिऊन पुन्हा घेतला. दोघींची त्या क्षणी जी मैत्री झाली तिला समान भाषेची गरज पडली नाही. त्रुदाबाईंनी मला एकच शंका विचारली, ती म्हणजे तुमची पत्नी वाढताना प्रत्येकाच्या नावापुढे "ले" का लावते? त्यांच्या बोलीत शेवटी ले लागला की वस्तू लहान आणि लाडकी होते. घराचे घरकुल होते, मुलीची छकुली होते. मी खुलासा केला की आमच्याकडे मले, तुले, त्याले म्हणजे केवळ मला, तुला, त्याला.

सुमतीला हे भाषांतर करून सांगितले. ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मंग यायले मी रोजच लहान करून रायली म्हना की."

जेवण झाल्यावर खरे प्रकरण उलगडले. त्रुदाबाईंच्या चित्रकथेची नायिका एक बकरी आहे, डोंगरातल्या एका खेड्यातली, भयंकर खादाड. मागच्या सर्व भागांत गावातले यच्चयावत लोक श्वाबी बोलत आले. परंतु या नव्या भागात बकरी लग्नाच्या मांडवातला नवरदेवाचा हार खाते, तिच्या मालकिणीवर फिर्याद होते आणि प्रथमच एक न्यायाधीश अवतरतो. म्हातारा, तापट, कायदेपंडित. बाईंनी त्यालाही श्वाबी बोलायला लावले, आणि प्रकाशनसंस्थेच्या संपादकांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की स्वयंपाकीण, गुराखी, खुद्द बकरी यांनी खुशाल बोलीत बोलावे, पण न्यायाधीश बोलीत बोलला तर तो विदूषक ठरेल. न्यायालय म्हटले की भाषा प्रमाणच हवी. बाईंनी दुरुस्ती न केल्यास संस्था अन्य कोणाकडून ती करून घेणार होती.

"हे माझे शेवटचे पुस्तक आहे," त्रुदाबाई शांतपणे म्हणाल्या. "माझे वडील गावच्या तंट्यांत न्याय करत. त्यांच्या तोंडी मी आयुष्यात प्रमाण जर्मनचा एक शब्द ऐकला नाही. त्यांना कोणी हसत नसे. न्यायाधीशाची भाषा बदलली तर पुस्तकावर माझे नाव नको."

माझ्या कानशिलांत रक्त चढले. हा अन्याय मी जवळून ओळखतो. माझी सारी नोकरी झाली त्या न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "मले काईच मालूम नाई" असे ठणकावून सांगे, आणि नोंदीत उतरे, "मला याबाबत कोणतीही माहिती नाही." माणूस एक बोले आणि दुसराच माणूस कागदावर उभा राही. आमच्या रंगभूमीवरही गडी बोलीत बोलतो, मालक प्रमाण बोलतो, आणि प्रेक्षक कोणाला हसायचे ते तिकीट काढतानाच ठरवून येतात.

"मी संपादकांना लिहितो," मी म्हणालो.

"झालं," मृणाल पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र त्रुदाबाईंना दिले. मोठे होते, पण एकही मुद्दा सुटलेला नव्हता. त्यांनी ते चष्मा लावून सावकाश वाचले. मग म्हणाल्या, "फारच सुंदर पत्र आहे. कागदही किती छान." आणि ते फळांच्या टोपलीखाली ठेवून दिले.

माझी छाती फुगली. पत्र मात्र दिवस गेले तरी टोपलीखालीच राहिले. उलट बाई रोज दुपारी बागेत खुर्ची टाकून मला चित्रकथेतले खटल्याचे पान दाखवत आणि विचारत, "तुमच्या जिल्ह्यात हा न्यायाधीश काय म्हणाला असता?" मी वऱ्हाडीत सांगे, सुमती दुरुस्त करी. बाईंना शब्द कळत नसत. त्या डोळे मिटून चढउतार ऐकत आणि पेन्सिलीने काहीबाही खोडत.

"इतलं पुस्तकी नोका बोलू," सुमती मला मध्येच टोके. "हाकिमानं रागावलं पायजे. तुमी अर्ज करून रायले."

साउथहॅम्प्टन : बंदरावरचा खटला

संपादक क्राउस यांना त्रुदाबाईंनी गाठले कसे, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. ते सपत्नीक हॅम्बुर्गहून पर्यटनजहाजाने निघाले होते आणि त्यांचे जहाज एक दिवस साउथहॅम्प्टनच्या बंदरात थांबणार होते. पुस्तक छपाईला जाण्यापूर्वी त्यांना समक्ष पाहण्याची ही एवढीच संधी होती. टेलिफोनवर बाईंचे त्यांच्याशी पटत नसे, कारण दोघेही श्वाबी असल्याने दोघेही काही बोलत नसत.

शनिवारी मृणालने आम्हा तिघांना मोटारीत घातले. बेसिंगस्टोकच्या अलीकडे एका विश्रांतिस्थळी थांबून आम्ही सुमतीचे धपाटे आणि त्रुदाबाईंची खारी वेटोळी बिस्किटे यांची देवाणघेवाण केली. पार्किंगच्या यंत्राने माझ्याशी जे वर्तन केले त्याबद्दल स्वतंत्र पत्र लिहिले असल्याने येथे विस्तार करीत नाही.

साउथहॅम्प्टन मला एकदम आवडले. जुन्या तटबंदीच्या दगडी भिंतीवरून पाहावे तर एकीकडे मालाच्या पेट्यांचे रंगीत डोंगर, दुसरीकडे अपार्टमेंटची इमारतच्या इमारत पाण्यावर ठेवावी असे पांढरे जहाज. वारा असा की माझी टोपी दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा अनोळखी माणसांनी धावून ती आणून दिली. सुमतीने समुद्राकडे पाहून हात जोडले. मी कारण विचारले नाही.

तटबंदीजवळच्या एका चहाघरात क्राउस पतिपत्नी आमची वाट पाहत होते. क्राउस लहान चणीचे, नीटनेटके, मनगटावर मोठे घड्याळ. त्रुदाबाईंनी पाने टेबलावर पसरली. क्राउस यांनी ती पाहिली आणि मान हलवली.

"मागचे सगळे ठीक. न्यायाधीश नाही. लोक हसतील, त्रुदा."

मी उभा राहिलो. न्यायदान आणि लोकभाषा यांच्या संबंधाविषयी इंग्रजीत बोलू लागलो. प्रस्तावना संपत आली तेव्हा क्राउस यांनी घड्याळाकडे पाहिले. दुसऱ्या मुद्द्याला त्यांच्या पत्नीने पिशवी आवरली. त्रुदाबाई चहाच्या कपात पाहत होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला कळले की खटला आपल्या हातून चालला आहे.

तेवढ्यात सुमतीने माझा कोट ओढला.

"अवो, कायले इंग्रजी झाडून रायले? निकाल द्या न." आणि ती खुर्ची सरकवून माझ्यासमोर आरोपीसारखी उभी राहिली, पदर सावरून. बागेतल्या दुपारी हे सोंग तिचेच असे. "साहेब, हार बकरीनं खाल्ला. म्या नाई खाल्ला. तिले काय ते इचारा."

अनोळखी लोकांनी भरलेल्या त्या चहाघरात मी काय करणार होतो? खरे सांगायचे तर मी काहीच ठरवले नाही. समोर आरोपी उद्धट होता आणि मला राग आला.

"चूप," मी म्हणालो. "बकरीले इचारू? तिनं कायदा वाचला हाय? त्या बकरीले काई कयत नाई, म्हून ते बकरी. तुले तं कयते नं? तुले माहीत होतं मांडवात हार हाय. तुले माहीत होतं तुही बकरी कशी हाय. तरी तू दोर सोडला आन् बुंदी खात बसली. मंग दंड बकरीले काहून? दंड तुले. आन् नवरदेवाले नवा हार तूच घेऊन देशीन, लग्न लागायच्या आत. चाल, नीघ."

काउंटरवरच्या मुलीने किटली हातातच धरली होती. शेजारच्या टेबलावरच्या दोघा इंग्रज वृद्धांना एक अक्षर कळले नव्हते, पण ते माझ्याकडे पाहून हसत नव्हते. ते सुमतीकडे पाहत होते, तिने काय गुन्हा केला असेल या चिंतेने. सुमती मान खाली घालून उभी होती आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते.

मग त्रुदाबाई उठल्या. पान हातात न घेता त्यांनी तोच निकाल श्वाबीत दिला. मला शब्द कळले नाहीत, पण कोठे बकरी सुटली आणि कोठे मालकीण सापडली ते बरोबर कळले. क्राउस यांनी कप खाली ठेवला. त्यांची पाठ ताठ झाली. बोलणे संपले तेव्हा, शाळेत मास्तरांसमोर बसावे तसे त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

क्राउस यांनी पाने एकत्र केली, टेबलावर ठोकून सारखी केली आणि पिशवीत घातली. उठताना ते तीन-चार शब्द बोलले, हस्तांदोलन केले आणि पत्नीसह जहाजाकडे निघून गेले.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणाले, यावर काही म्हणता येत नाही."

माझा संताप अनावर झाला. एवढा युक्तिवाद, एवढा निकाल, आणि काही म्हणता येत नाही? मी तेथेच खिशातून पेन काढले, मृणालकडे कागद मागितला. क्राउस यांच्या वरिष्ठांना जहाज सुटायच्या आत पत्र गेले पाहिजे, असे मी बजावले. मजकुराची पहिली ओळ लिहूनही झाली. तेव्हा माझे लक्ष त्रुदाबाईंकडे गेले. त्या खुर्चीत बसून रडत होत्या, आणि रडता रडता सुमतीचे हात धरून हसत होत्या.

"तुम्ही समजला नाहीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "एवढे कौतुक त्यांनी माझे कधी केले नव्हते. न्यायाधीश श्वाबी बोलणार. जसाच्या तसा."

मग त्यांनी त्यांच्या मुलखाची म्हण सांगितली, नेट ग्शिम्प्ट इश ग्नुग ग्लोब्ट. रागावलो नाही, म्हणजे पुरेसे कौतुक केले. श्वाबी माणूस चूक दिसली तर बोलतो, चूक नसेल तर बोलण्यासारखे काही उरतच नाही. तोंडभर स्तुती तो फक्त अशा वस्तूची करतो जी निरुपयोगी आहे, पण जिच्या देणाऱ्याचे मन मोडायचे नाही.

मी विचार करू लागलो. "म्हणजे माझे पत्र..."

"फारच सुंदर होते," त्रुदाबाई म्हणाल्या. "कागदही."

मृणाल इतकी हसली की तिला बाहेर वाऱ्यावर जावे लागले. मीही हसलो. हातातल्या पत्राची घडी करून मी ती सुमतीला दिली, आणि तिने तीत उरलेली बिस्किटे बांधून घेतली. परतताना मागच्या आसनावर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून झोपल्या. मी बाहेरच्या एकसारख्या चौकांकडे पाहत होतो आणि मला प्रत्येक चौक निराळा दिसत होता.

मिल्टन कीन्स : निघण्यापूर्वी

आमच्या विमानाच्या आदल्या शनिवारी दारावर पुन्हा ती पाटी लटकलेली आढळली. पाळी मृणालची होती. मी तिला हात लावू दिला नाही. कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि बोळ झाडायला घेतला. पानांचा ढीग केला, विटांच्या फटींतले गवत उपटले, कचऱ्याचे डबे हलवून त्यांच्या मागची माती खरवडली. घरी असताना मी झाडू हातात घेतल्याचा पुरावा नाही. सुमती स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सर्व पाहत होती आणि मधूनमधून, "कोपरा रायला," असे सांगत होती.

काम संपत आले तेव्हा त्रुदाबाई आपल्या दाराबाहेर आल्या. हात पाठीशी बांधून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. एका डब्याशी थांबल्या, वाकल्या, डबा बोटाने किंचित सरकवून त्याच्या मागे पाहिले. कुंपणाकडची फट पाहिली. परत येऊन माझ्या शेजारून पुढे गेल्या, आमच्या दारावरची पाटी काढली, ती आपल्या मुठीला अडकवली आणि आत जाऊन दार लावून घेतले.

मी झाडू भिंतीला टेकवून उभा होतो. खिडकी उघडली.

"अवो," सुमती म्हणाली, "काय म्हनली ते?"

"काही नाही," मी म्हणालो.